पावती खरी, देणगी खोटी: ८०जीजीसीच्या वजावटीचे एक प्रकरण

या प्रकरणातील करदाता पुण्यातील एका खाजगी कंपनीत नोकरी करणारा अभियंता आहे. तो कोणी एक विशिष्ट माणूस नाही. राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्यांवर कलम ८०जीजीसीखाली मिळणाऱ्या वजावटीवरून अलीकडे ज्यांना आयकर विभागाचे संदेश आणि नोटिसा आल्या, त्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा आढळणारे तपशील एकत्र करून तो उभा केला आहे आणि रकमा हिशेबाला सोप्या जातील अशा घेतल्या आहेत. कायद्याच्या तरतुदी, तारखा आणि न्यायनिर्णय मात्र प्रत्यक्षातले आहेत. कलमांचे क्रमांक आयकर अधिनियम, १९६१ मधले आहेत, कारण प्रकरणातील दोन्ही वर्षांना तोच कायदा लागू होतो. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये हे क्रमांक बदलले आहेत.

आर्थिक वर्ष २०२२-२३ साठी या करदात्याने जुनी करप्रणाली निवडली होती. प्रमाणित वजावट, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा, गृहकर्जाचे व्याज हे सगळे वजा जाता त्याचे करपात्र उत्पन्न १५,५०,००० रुपये राहत होते आणि त्यावरचा उपकरासह होणारा २,८८,६०० रुपयांचा कर कंपनीने पगारातून टीडीएस म्हणून कापून भरला होता. म्हणजे रिटर्न भरताना ना काही देणे उरत होते, ना काही घेणे. मार्च महिन्यात कार्यालयातील एका सहकाऱ्याने त्याची गाठ रिफंड काढून देणाऱ्या एका एजंटाशी घालून दिली. एजंटाचा प्रस्ताव साधा होता: एका नोंदणीकृत राजकीय पक्षाच्या खात्यात २,००,००० रुपये एनईएफटीने पाठवायचे, ५ टक्के कापून १,९०,००० रुपये आठवडाभरात रोख परत मिळतील, पावती नंतर येईल आणि जुलैमध्ये रिटर्न तोच भरून देईल. त्याची स्वतःची फी रिफंडच्या १० टक्के.

२८ मार्च २०२३ रोजी पैसे गेले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रोख परत आली आणि त्यातले १,१०,००० रुपये करदात्याने आपल्याच बचत खात्यात भरले. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो. रोखीची रक्कम दोन लाखांच्या आत राहिली हाही योगायोग नसावा, कारण कलम २६९एसटीनुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एका प्रसंगाबाबत दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारता येत नाही आणि स्वीकारल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. हा धंदा करणाऱ्यांना कायदा ठाऊक नसतो असे समजण्याचे कारण नाही.

रिटर्नमध्ये कलम ८०जीजीसीखाली २,००,००० रुपयांची वजावट दाखवल्यावर करपात्र उत्पन्न १३,५०,००० रुपयांवर आले, कर २,२६,२०० रुपये झाला आणि ६२,४०० रुपयांचा रिफंड ऑगस्टमध्ये खात्यात जमा झाला. पक्षाचे १०,००० आणि एजंटाचे ६,२४० रुपये वजा जाता करदात्याच्या हाती ४६,१६० रुपये उरले. त्याच्या आधीच्या वर्षी, म्हणजे २०२१-२२ मध्ये, त्याने याच मार्गाने १,००,००० रुपयांची देणगी दाखवून ३१,२०० रुपयांचा रिफंड घेतला होता. पहिल्या वर्षी काहीच झाले नाही म्हणून दुसऱ्या वर्षी आकडा दुप्पट झाला, असा या प्रकरणांचा नेहमीचा क्रम आहे.

त्याच्याकडची पावती जवळून पाहण्यासारखी आहे. गुळगुळीत कागद, वर पक्षाचे नाव आणि चिन्हासारखे दिसणारे एक बोधचित्र, खाली पक्षाचा पॅन, लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २९एखाली नोंदणी झाल्याचा उल्लेख, एनईएफटीचा संदर्भ क्रमांक, खजिनदाराची सही आणि शिक्का. यातली एकही गोष्ट खोटी नाही. फक्त ‘८०जीजीसी अन्वये १०० टक्के करसवलत’ ही ओळ पक्षाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेली आहे, आणि त्याच विभागातील आणखी दोन सहकाऱ्यांच्या पावत्यांचे क्रमांक याच्या पावतीच्या लगेच पुढचे आहेत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये विभागाचा ईमेल आला. आपण राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीपोटी घेतलेली वजावट पडताळून पाहावी आणि ती चुकीची असल्यास अद्ययावत रिटर्न (आधीच्या रिटर्नमधील चूक सुधारून उरलेला कर भरणारे नवे रिटर्न) भरावे, एवढाच त्याचा आशय होता. करदात्याचा पहिला प्रश्न हा होता: पक्ष नोंदणीकृत आहे, पैसे बँकेतून गेले आहेत, पावती आहे, मग वजावट चुकीची कशी?

कायद्याच्या शब्दांकडे पाहिले तर हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. कलम ८०जीजीसी सप्टेंबर २००३ मध्ये निवडणूक व इतर संबंधित कायद्यांच्या दुरुस्तीद्वारे आयकर अधिनियमात आले. भारतीय कंपन्यांसाठीचे कलम ८०जीजीबीही त्याच वेळचे. कंपनी वगळता इतर देणगीदारांसाठी असलेल्या ८०जीजीसीत, स्थानिक प्राधिकरणे आणि सरकारी निधीवर पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या कृत्रिम विधिक व्यक्ती वगळून, कोणाही करदात्याला राजकीय पक्षाला किंवा निवडणूक न्यासाला दिलेल्या देणगीची पूर्ण रक्कम एकूण उत्पन्नातून वजा करता येते. राजकीय पक्ष म्हणजे कलम २९एखाली नोंदणी झालेला पक्ष. तो मान्यताप्राप्त असावा, त्याला राखीव चिन्ह असावे, त्याने निवडणूक लढवलेली असावी, यांपैकी कोणतीही अट या कलमात नाही. वित्त अधिनियम, २०१३ ने एक भर घातली: रोख दिलेल्या रकमेला वजावट नाही. बस्स. जुनी करप्रणाली ही तिसरी अट म्हणता येईल, कारण कलम ११५बीएसीच्या नव्या प्रणालीत ही वजावट मिळत नाही.

आता याच्या शेजारी कलम ८०जी ठेवून पाहावे. धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर बहुतेक वेळा निम्मीच वजावट मिळते, अनेक संस्थांच्या बाबतीत एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांची कमाल मर्यादा आड येते, संस्थेला आयकर विभागाची स्वतंत्र मान्यता लागते, आणि आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून संस्थेने फॉर्म १०बीडीमध्ये देणगीदारांची यादी विभागाला कळवून प्रत्येकाला फॉर्म १०बीईचे प्रमाणपत्र द्यावे लागते. देणगीदाराचा दावा आणि संस्थेची यादी संगणकावर समोरासमोर ठेवता येते. राजकीय देणगीच्या बाबतीत वजावट १०० टक्के, रकमेला उत्पन्नाच्या टक्केवारीची कोणतीही मर्यादा नाही, आणि पक्षाकडून आयकर विभागाकडे थेट जाणारे, प्रत्येक दाव्याशी जुळवता येईल असे देणगीनिहाय विवरणपत्र नाही. सवलत अधिक आणि पडताळणी कमी, अशी ही रचना आहे. दलालांनी हेच कलम का निवडले, याचे उत्तर पक्षांच्या नीतिमत्तेत शोधण्याआधी या रचनेत शोधावे असे माझे मत आहे.

नोंदणीचा भाग तर आणखी सैल आहे. निवडणूक आयोग कलम २९एखाली पक्षाची नोंदणी करतो, परंतु नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार कायद्याने त्याला दिलेला नाही, आणि फसवणुकीने मिळवलेल्या नोंदणीसारखे मोजके अपवाद सोडता आयोगाला तसे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये इंडियन नॅशनल काँग्रेस (आय) विरुद्ध इन्स्टिट्यूट ऑफ सोशल वेल्फेअर या प्रकरणात सांगितले. त्यामुळे नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांची संख्या वाढत राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये, २०१९ पासूनच्या सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष आयोगाने यादीतून वगळले तेव्हा अशा पक्षांचा आकडा २,८५४ वरून २,५२० वर आला. सप्टेंबरमध्ये आणखी ४७४ पक्ष वगळले गेले. यातले सगळेच पक्ष देणग्यांचा धंदा करत होते असे मुळीच नाही. एखाद्या तालुक्यापुरते काम करणारे, पैशाअभावी निवडणूक न लढवू शकलेले प्रामाणिक पक्षही त्यात असू शकतात. पण पत्त्यावर कार्यालय नाही आणि बँक खात्यात मात्र कोट्यवधींची उलाढाल, अशा पक्षांमुळे ही संपूर्ण वर्गवारी संशयाच्या छायेत आली, हेही खरे आहे.

करदात्याच्या सनदी लेखापालाने प्रथम हे तपासले की पक्षाच्या बाजूच्या त्रुटींमुळे त्याची वजावट जाते काय. कारण पक्षाने वेळेवर रिटर्न भरले नव्हते आणि देणग्यांचा अहवालही दिला नव्हता, असे दिसत होते. येथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. देणगीदाराची वजावट आणि पक्षाच्या उत्पन्नाची करमुक्ती या दोन वेगळ्या सवलती आहेत आणि त्यांच्या अटीही वेगळ्या आहेत. पक्षाची करमुक्ती कलम १३एमध्ये आहे. घरभाडे, भांडवली नफा, व्याजासारखे इतर उत्पन्न आणि ऐच्छिक देणग्या यांवर पक्षाला कर लागत नाही, मात्र त्यासाठी हिशेबाची पुस्तके ठेवावी लागतात, २०,००० रुपयांवरील प्रत्येक देणगीदाराचे नाव आणि पत्ता नोंदवावा लागतो, सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम २९सीनुसार अशा देणग्यांचा अहवाल फॉर्म २४एमध्ये द्यावा लागतो, २,००० रुपयांवरील देणगी रोख घेता येत नाही आणि रिटर्न मुदतीत भरावे लागते. शेवटच्या दोन अटी वित्त अधिनियम, २०१७ ने घातल्या.

या अटी किती कडक आहेत हे पाहायचे असेल तर त्यासाठी अनोळखी पक्षाकडे जावे लागत नाही. करनिर्धारण वर्ष (ज्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न, त्याच्या लगेच पुढचे वर्ष) २०१८-१९ साठी काँग्रेस पक्षाने कलम १३एखाली सुमारे १९९ कोटी रुपयांच्या उत्पन्नावर करमुक्ती मागितली होती. वाढवून मिळालेली मुदत ३१ डिसेंबर २०१८ ची होती आणि रिटर्न २ फेब्रुवारी २०१९ रोजी भरले गेले. शिवाय प्रत्येकी २,००० रुपयांहून अधिक अशा रोख देणग्यांची एकूण रक्कम १४.४९ लाख रुपये निघाली. कलम १३९(४) प्रमाणे उशिराने रिटर्न भरण्याची सोय पक्षालाही आहे, असा युक्तिवाद होता. दिल्लीच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने जुलै २०२५ मध्ये तो फेटाळला आणि संपूर्ण करमुक्ती नाकारणे योग्य ठरवले. १४.४९ लाखांच्या त्रुटीमुळे तेवढ्याच रकमेवर कर लागला असे झाले नाही, सवलत सगळीच गेली. अट मोडली तर प्रमाणशीर कपात नाही, हे या कलमाचे वैशिष्ट्य आहे आणि ते मला स्वतःला जरा जास्तच कठोर वाटते. आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की या सगळ्यातून कराची मागणी पक्षाकडे गेली, त्या वर्षी धनादेशाने देणगी दिलेल्या देणगीदारांकडे नाही. कलम २९सीच्या चौथ्या पोटकलमातही, अहवाल न दिल्यास ‘असा राजकीय पक्ष’ करसवलतीला पात्र राहणार नाही, एवढेच म्हटले आहे.

त्यामुळे पक्षाने रिटर्न भरले नाही, लेखापरीक्षण केले नाही किंवा तो पुढे २०२५ मध्ये यादीतून वगळला गेला, एवढ्याच कारणावरून मार्च २०२३ मधल्या देणगीची वजावट नाकारता येईल, असे कलमाच्या शब्दांतून मला दिसत नाही. देणगीच्या दिवशी पक्षाचे नाव नोंदणीत होते आणि रक्कम रोख नव्हती. सनदी लेखापालानेही हेच सांगितले आणि क्षणभर करदात्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला.

परंतु त्याचे प्रकरण या दोन्ही अटींवर अडलेच नव्हते. ते त्यांच्या आधीच्या एका शब्दावर अडले होते. कलम देणगीवर वजावट देते, आणि देणगी म्हणजे मोबदल्याशिवाय, परत न येण्यासाठी दिलेली रक्कम. दोन लाखांपैकी एक लाख नव्वद हजार ठरल्याप्रमाणे परत आले असतील तर कागदावर हस्तांतर झाले, देणगी झाली नाही. उरलेले १०,००० रुपये तरी देणगी मानावेत, असा एक युक्तिवाद करदात्याने करून पाहिला. पण ते पैसे पक्षाच्या कार्यासाठी दिलेले नसून पावती मिळवण्याचे शुल्क होते, हे त्यालाही नाकारता आले नाही. बँकेची नोंद आणि पावती यांनी पैसे गेल्याचे सिद्ध होते. ते परत आले नाहीत हे त्यांतून सिद्ध होत नाही.

विभागाला हे कळते कसे? एक मार्ग पक्षाकडून येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये अशा पक्षांशी संबंधित ठिकाणी देशभर छापे पडले आणि त्यानंतरही तपास चालू राहिला. अशा कारवाईत पक्षाचे पदाधिकारी किंवा मध्यस्थ यांचे जबाब, व्हॉट्सअॅपवरील हिशेब, रोख वाटपाच्या याद्या हाती लागतात आणि त्या याद्यांत देणगीदारांचे पॅन असतात. दुसरा मार्ग करदात्याच्या स्वतःच्या रिटर्नमधून जातो. पगारदाराची राजकीय देणगी सहसा कंपनीच्या टीडीएसच्या हिशेबात धरलेली नसते, त्यामुळे फॉर्म १६ मध्ये नसलेली मोठी वजावट थेट रिटर्नमध्ये उगवते आणि तिच्यातून रिफंड निघतो. एकाच आयपी पत्त्यावरून किंवा एकाच ईमेलवरून भरलेल्या पन्नास रिटर्नमध्ये एकाच पक्षाचे नाव आले, तर कोणत्याही छाप्याची गरज उरत नाही. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून रिटर्नच्या नमुन्यात ८०जीजीसीसाठी वेगळी अनुसूची आली असून तिच्यात देणगीची तारीख, रोख आणि इतर मार्गाने दिलेली रक्कम, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी द्यावा लागतो. देणगी घेणाऱ्याच्या बाजूने यादी न मागता देणाऱ्याकडूनच तपशील भरून घेण्याचा हा उपाय अर्धाच आहे. फॉर्म १०बीडीसारखे विवरण पक्षांवरही बंधनकारक केले असते, तर हा धंदा बराचसा आपोआप बसला असता.

करदात्याने लढायचे ठरवले असते तर काय झाले असते, याचाही विचार सनदी लेखापालाने त्याच्यासमोर मांडला. जुन्या वर्षाचे प्रकरण पुन्हा उघडण्यासाठी, म्हणजे पुनर्निर्धारणासाठी, आधी कलम १४८एखाली कारणे दाखवा नोटीस आली असती, तिच्यासोबत विभागाकडील माहिती मिळाली असती आणि उत्तर असमाधानकारक ठरल्यास कलम १४८ ची नोटीस निघाली असती. सप्टेंबर २०२४ पासूनच्या तरतुदींनुसार करातून सुटलेले उत्पन्न पन्नास लाखांखाली असलेल्या प्रकरणात ही नोटीस संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षे तीन महिन्यांत काढता येते, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२३-२४ साठी ३० जून २०२७ पर्यंत. ‘तोवर कोण विचारतो’ म्हणून गप्प बसणारे करदाते या मुदतीकडे डोळे लावून असतात.

सुनावणीत दोन निर्णय आमनेसामने येतात. सुमती दयाळ प्रकरणात, १९९५ मध्ये, घोड्यांच्या शर्यतीत जिंकल्याचे दाखवलेले पैसे खरेच जिंकलेले आहेत काय, हे ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने कागदांपलीकडे जाऊन मानवी संभाव्यतेची कसोटी लावण्यास मान्यता दिली. पंधरा लाखांच्या घरातले उत्पन्न आणि गृहकर्ज असलेला माणूस, ज्या पक्षाचा एकही कार्यकर्ता त्याला ठाऊक नाही त्या पक्षाला मार्चअखेर दोन लाख रुपये देतो आणि आठवड्याने त्याच्याच खात्यात १,१०,००० रुपये रोख भरले जातात, ही घटनासाखळी त्या कसोटीवर टिकणे अवघड आहे. उलट बाजूला, साक्षीदाराच्या जबाबावर विसंबून आदेश काढायचा असेल तर त्याची उलटतपासणी घेण्याची संधी दिली पाहिजे, असे अंदमान टिंबर इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले आहे.

या दुसऱ्या निर्णयाचा खरा उपयोग आपल्या करदात्याला नाही, त्याच पक्षाच्या देणगीदारांच्या यादीतील दुसऱ्या एखाद्याला आहे. त्याच पक्षाला, त्याच महिन्यात, आपल्या गावच्या पाणीप्रश्नावर तो पक्ष काम करतो म्हणून कोणी खरोखर २५,००० रुपये दिले असतील, तर त्याची पावती आणि बँक नोंद अगदी हुबेहूब अशीच असणार. पक्षाच्या पदाधिकाऱ्याने ‘आम्ही सर्वांना कमिशन कापून पैसे परत देतो’ असा सरसकट जबाब दिला की हा देणगीदारही त्यात ओढला जातो. कायद्याने त्याच्याकडून दोनच गोष्टी मागितल्या होत्या आणि त्या दोन्ही त्याने पूर्ण केल्या. तरीही पैसे परत आले नाहीत, हे नकारात्मक विधान सिद्ध करण्याची वेळ त्याच्यावर येते. अशा देणगीदाराने जबाबाची प्रत मागावी, त्यात आपले नाव किंवा आपल्या रकमेचा उल्लेख आहे काय ते पाहावे, उलटतपासणीची मागणी लेखी नोंदवावी, देणगीच्या आधीच्या आणि नंतरच्या काही महिन्यांचे बँक उतारे द्यावेत आणि पक्षाशी असलेला संबंध दाखवणारे जे काही असेल, मग तो सभेचा निरोप असो वा मागच्या वर्षीची छोटी देणगी, ते जोडावे. रक्कम २०,००० रुपयांहून अधिक असल्याने पक्षाच्या फॉर्म २४एमध्ये नाव असायला हवे. तेथे नाव असणे हा आधार आहे, निर्णायक पुरावा नाही, कारण खोट्या देणगीदारांची नावेही त्या यादीत घातली जाऊ शकतात. असा माणूस घाबरून वजावट मागे घेतो तेव्हा विभागाच्या आकडेवारीत तोही ‘चुकीचा दावा मागे घेणारा’ म्हणून मोजला जातो, याची नोंद येथे करून ठेवावीशी वाटते. जुलै २०२५ च्या निवेदनात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सांगितले की मागील चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न अद्ययावत करून १,०४५ कोटी रुपयांचे दावे मागे घेतले. यात केवळ राजकीय देणग्या नव्हेत तर इतर वजावटीही आहेत, आणि त्यातले बहुसंख्य दावे खोटेच असणार, याबद्दल मला शंका नाही.

आपला करदाता त्या बहुसंख्यांपैकी होता. त्याच्यासमोर प्रश्न उरला तो वेळेचा. विभागाचा ईमेल ही नोटीस नव्हे; तो आल्याने कलम १३९(८ए)खाली अद्ययावत रिटर्न भरण्याचा मार्ग बंद होत नाही. पण त्या वेळच्या नियमांनुसार पुनर्निर्धारणाची कार्यवाही एकदा सुरू झाली, की त्या वर्षासाठी हा मार्ग करदात्याच्या हातून जात असे, आणि मग कलम २७०एचा दंड समोर येत असे. उत्पन्न कमी दाखवण्याबद्दल कराच्या ५० टक्के दंड असतो, परंतु तथ्यांचा विपर्यास करून किंवा ती दडवून उत्पन्न चुकीचे दाखवले असेल तर तो २०० टक्के होतो, आणि या दुसऱ्या प्रकारात कलम २७०एएखालील दंडमाफीही तेव्हा मागता येत नव्हती. २०२२-२३ या एका वर्षापुरतेच पाहिले तरी ६२,४०० रुपये कर, १,२४,८०० रुपये दंड आणि वर व्याज. पडताळणीत खोटे विधान केल्याबद्दल कलम २७७ खाली खटल्याची तरतूद आहे ती वेगळीच.

अद्ययावत रिटर्नचा हिशेब त्या मानाने सुसह्य होता, मात्र तारखांशी घट्ट बांधलेला होता. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत भरल्यास कर आणि व्याज यांच्या एकूण रकमेवर २५ टक्के अतिरिक्त कर, चोवीस महिन्यांत भरल्यास ५० टक्के. त्याच्या दोन्ही वर्षांची एकेक मुदत ३१ मार्च २०२५ रोजीच संपत होती: करनिर्धारण वर्ष २०२३-२४ साठी २५ टक्क्यांची आणि करनिर्धारण वर्ष २०२२-२३ साठी ५० टक्क्यांची. पुढे वित्त अधिनियम, २०२५ ने ही सोय अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत वाढवली, पण तिसऱ्या वर्षासाठी ६० आणि चौथ्यासाठी ७० टक्के अशा चढ्या दराने.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने दोन्ही वर्षांचे चलान भरले आणि मगच रिटर्न अपलोड केले, कारण अद्ययावत रिटर्नसोबत कर आधीच भरलेला असावा लागतो. व्याज बाजूला ठेवले तर दुसऱ्या वर्षासाठी ६२,४०० आणि त्यावर १५,६०० रुपये, पहिल्या वर्षासाठी ३१,२०० आणि त्यावरही १५,६०० रुपये. देणगी निम्मी असूनही उशीर एका वर्षाने अधिक, म्हणून अतिरिक्त कर तेवढाच. एकूण १,२४,८०० रुपये. यातले ९३,६०० हे त्याने घेतलेल्या दोन रिफंडांचेच पैसे होते. पक्षाला आणि एजंटाला गेलेले पैसे परत मागण्याची सोय अर्थातच नव्हती, आणि व्याजाची रक्कम त्याने वेगळी भरली. एजंटाने आयकर विभागाच्या पोर्टलवर स्वतःचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक करदात्याच्या खात्याला जोडून ठेवला होता, त्यामुळे २०२१-२२ च्या वर्षाबद्दल आधी काही संदेश येऊन गेला होता काय, हे त्याला त्या दिवसापर्यंत समजण्याचा मार्गच नव्हता. संपर्काचे तपशील बदलून ई-कार्यवाहीचे पान उघडल्यावर तेथे कोणतीही नोटीस प्रलंबित नाही, एवढी खात्री करून घेऊनच सनदी लेखापालाने पहिले रिटर्न दाखल केले.